कापडी टपाची गाडी ट्रेलरवरून लांब न्यायची आहे : टप उघडा ठेवावा की बंद?

रानवाट (धागालेखक)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ आहे. दोन आसनांची, मागच्या चाकांवर चालणारी, कापडी टपाची आणि मागे काचेऐवजी पारदर्शक प्लास्टिकची खिडकी असलेली. इंजिनाचे काम अर्धवट राहिल्यामुळे ती चालवत नेणे शक्य नाही, आणि पल्ला सुमारे दीड हजार किलोमीटरचा आहे. ओढायला पिकअप आहे. ट्रेलर भाड्याने मिळतो आहे, पण तो उघडा आहे.

काळजी आहे ती टपाची. तो याच वर्षी नवा बसवून घेतला आहे. शिवणीवरून बोट फिरवले तर दोऱ्याचा ताठपणा अजून जाणवतो. माझा बेत असा आहे की टप खाली पाडून त्याची घडी घालावी, आसनांवरून आवरण ओढावे आणि वरून संपूर्ण गाडीला कव्हर घालून ते दोरीने आवळावे. वाऱ्यात टपच नसेल तर तो फाटेल कसा, असा माझा हिशेब आहे. ज्यांनी अशी गाडी खरोखर लांबवर नेली आहे, त्यांनी हा बेत योग्य आहे का ते सांगावे.

सारथी

बेत बदला, असे स्पष्टच सांगतो. टप वर चढवलेला, त्याच्या पुढच्या दोन्ही कड्या नीट लागलेल्या, दोन्ही काचा पूर्ण बंद आणि गाडीचे तोंड प्रवासाच्या दिशेला, अशी गाडी न्यावी. ही गाडी स्वतः ताशी १०० किलोमीटरने धावते तेव्हा टपाला जो वारा लागतो, तो सोसण्यासाठीच हा टप बेतलेला आहे, आणि ट्रेलर घेऊन तुम्ही त्याहून हळूच जाणार आहात.

टपावरून हवा वेगाने वाहते तेव्हा तिथला दाब घटतो आणि कापड बाहेरच्या बाजूला फुगते. काच चार बोटे जरी उघडी राहिली, तरी आत शिरलेली हवा त्या फुगण्याला जोर देते आणि कापड फडफडू लागते. शिवण उसवते ती या फडफडीने. ताणून बसलेल्या कापडाला सरळ वाऱ्याचे फारसे भय नसते.

नवशिका

ट्रेलरचा खर्च कशाला? दोन चाकांच्या डॉलीवर पुढची चाके चढवून गाडी टोचन करून नेली तर चालणार नाही का?

लांबचा_पल्ला

गाड्या ट्रेलरवरून पोचवण्याचे काम मी अनेक वर्षे करतो आहे, म्हणून कव्हरविषयी आधी लिहितो, कारण रानवाट यांच्या बेतातला सर्वांत घातक भाग तोच आहे.

सुरुवातीच्या काळात एका मालकाच्या आग्रहाखातर मी त्यांच्या गाडीला सैलसर कव्हर घालून तीन ठिकाणी दोरीने बांधले होते. वाटेत थांबलो तेव्हा कव्हर जागेवरच होते, म्हणून समाधान वाटले. मुक्कामी पोचल्यावर ते काढले, तेव्हा बॉनेटच्या कडेला तळहाताएवढ्या जागेत रंग उडून खालचा राखाडी थर दिसत होता, आणि जिथे दोरीची गाठ आली होती तिथे प्लास्टिकची खिडकी दुधासारखी पांढुरकी झाली होती. कापड आणि रंग यांच्यामध्ये रस्त्याची धूळ शिरते, आणि वाऱ्याने थरथरणारे कव्हर तासन्‌तास पॉलिश कागदासारखे घासत राहते. त्या मालकाचा चेहरा मला आजही आठवतो. गाडी उघडी नेली असती तर फार तर दोन-चार खड्यांच्या खुणा आल्या असत्या, आणि त्या भरून काढता येतात. उघड्या ट्रेलरवर कव्हर नको, मग ते कितीही महागडे असो.

तेलपाणी

नवशिका, प्रश्न रास्त आहे, पण या गाडीसाठी उत्तर नाही असेच आहे. हिची ताकद मागच्या चाकांना मिळते. पुढची चाके डॉलीवर चढवली की मागची चाके रस्त्यावर फिरतात, त्यांच्यामुळे डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारी दात्यांची पेटी) आणि तिला गिअरबॉक्सशी जोडणारा लांब दांडा, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट, फिरतो, आणि त्याच्यासोबत गिअरबॉक्सचा बाहेर जाणारा शाफ्टही फिरतो. इंजिन मात्र बंद असते. हाताने गिअर बदलायच्या अनेक गिअरबॉक्समध्ये खालचा शाफ्ट इंजिनाच्या बाजूने फिरतो आणि त्याचे दाते तेल उडवून वरच्या भागाला भिजवतात. गाडी न्यूट्रलमध्ये ओढली जात असताना तो खालचा शाफ्ट स्थिर राहतो, म्हणून वरचे भाग कोरडे पडून तापतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तर तेलाचा पंपच इंजिनावर चालतो, त्यामुळे तिथे नुकसान आणखी लवकर होते. प्रॉपेलर शाफ्ट सोडवून ठेवला तर गिअरबॉक्स वाचतो, पण दीड हजार किलोमीटरसाठी चारही चाके ट्रेलरवर असणेच मला योग्य वाटते.

गाडी उलटी करून मागची चाके डॉलीवर घेण्याचाही मार्ग असतो, पण मग टपाचे तोंड उलटे होते. त्याविषयी शिवणकर यांनी लिहावे.

शिवणकर

तेलपाणी यांनी आठवण काढली म्हणून लिहितो. आसने आणि टप शिवणे हा माझा व्यवसाय आहे.

टपाची सारी रचना एका दिशेने येणाऱ्या वाऱ्यासाठी असते. पुढची पट्टी विंडस्क्रीनच्या चौकटीवर कड्यांनी दाबून बसते, तिथे रबर आहे, आणि पुढून आलेली हवा वर चढून निघून जाते. गाडी उलटी चढवली की तोच वारा थेट मागच्या खिडकीवर आदळतो. तुमच्या गाडीत ती खिडकी म्हणजे चेनने जोडलेला प्लास्टिकचा पातळ पत्रा आहे. वारा त्याला आत ढकलतो, सोडतो, पुन्हा ढकलतो, आणि हा सगळा ताण चेनच्या शिवणीवर येतो. माझ्याकडे अशी एक गाडी आली होती जिची चेन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उसवली होती, कापड मात्र अगदी धडधाकट होते. उलट्या गाडीत डिकीचाही धोका असतो. डिकीचे झाकण पुढच्या कडेला बिजागरीवर असते आणि मागे उघडते. ती उघडणारी कड आता वाऱ्याच्या तोंडी येते, आणि खटका नीट लागला नसेल तर झाकण उचलले जाऊ शकते.

टप खाली पाडण्याच्या बेताविषयीही सांगतो. या गाडीत टप पाडण्यापूर्वी मागच्या खिडकीची चेन उघडून ती सपाट झोपवावी लागते, नाहीतर प्लास्टिकला कायमची घडी पडते. थंडीत हेच प्लास्टिक कडक होते आणि घडीवर तडकते. सपाट झोपवलेली खिडकीसुद्धा दोन-तीन दिवस रस्त्याचे धक्के खात टपाच्या सांगाड्याखाली पडून राहिली, तर तिच्यावर चरे उठतात. घडीत ओल राहिली असेल तर बुरशी धरते ती वेगळीच. आपला टप नवा आहे, तो ताणलेलाच राहू द्या.

मोकळा_वारा

मी थोडे वेगळे मत मांडतो. माझी गाडी टप खाली पाडून, आसनांवर घट्ट बटणांचे आवरण लावून सुमारे सहाशे किलोमीटर नेली होती आणि काहीही बिघडले नाही. उंच पिकअपच्या मागे हवा सरळ येत नाही, ती भोवऱ्यासारखी खाली-वर होते, त्यामुळे गाडी स्वतः चालवतानाचा वारा आणि ट्रेलरवरचा वारा एकच आहे हे सारथी यांचे म्हणणे मला पूर्ण पटलेले नाही.

सारथी

मोकळा_वारा, भोवऱ्याचा मुद्दा बरोबर आहे आणि तो माझ्याकडून राहिला होता. पण त्यावर उपाय वेग कमी ठेवण्याचा आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ताशी ८० ऐवजी १०० ने गेल्यास तो दीडपटीहून अधिक होतो. आपल्या गाडीचा टप कोणत्या अवस्थेत होता, हे सांगाल का?

मोकळा_वारा

तो जुना होता आणि डावीकडची कडी नीट धरत नव्हती, म्हणूनच खाली पाडला होता.

शिवणकर

मग आपण केले ते योग्यच होते. कडी सैल असेल किंवा शिवण आधीच उसवली असेल, तर टप कोरडा करून खाली पाडावा आणि बटणांचे आवरण ढोलाच्या कातड्यासारखे ताणून बसवावे. धडधाकट टपासाठी मात्र मी हा सल्ला देणार नाही.

पाना_पकड

टपाची चर्चा चांगली चालली आहे, परंतु लांबच्या प्रवासात गाडीचे खरे नुकसान बांधणीच्या चुकीने होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

गाडी बांधण्याचे दोन मार्ग आहेत. एकात पट्टे गाडीच्या सांगाड्याला किंवा सस्पेन्शनला अडकवतात, दुसऱ्यात ते चाकांवरून घेतात. सांगाड्याला बांधले की रॅचेट (पट्टा ताणणारी दातेरी कळ) आवळताना स्प्रिंगा दबतात. खड्ड्यात गाडी आणखी खाली बसली की पट्टा क्षणभर सैल पडतो, हुक निसटू शकतो, आणि पुढच्याच क्षणी सारा भार झटक्याने पट्ट्यावर येतो. चाकांवरून बांधले तर चाक ट्रेलरला घट्ट धरले जाते आणि गाडी आपल्या स्प्रिंगांवर मोकळेपणाने हलते.

उघड्या टपाच्या गाडीत याला आणखी एक कारण आहे. तिला पोलादी छप्पर नसल्यामुळे सांगाडा पिळला जाण्याची शक्यता बंद गाडीपेक्षा जास्त असते. एका कोपऱ्यात पट्टा जोरात ओढला आणि समोरच्या कोपऱ्यात ढिला ठेवला, तर दाराच्या फटी कमी-जास्त झालेल्या डोळ्यांना दिसतात. असे मी पाहिले आहे, पट्टे सोडल्यावर त्या पुन्हा सारख्या झाल्या, पण त्याच अवस्थेत दोन दिवस धक्के खात जाऊ नये.

चारही चाकांना स्वतंत्र पट्टा हवा. पट्ट्यावर दोन आकडे असतात, एक तुटण्याचा भार आणि दुसरा सुरक्षित कामाचा भार, जो साधारणपणे पहिल्याच्या एक तृतीयांश धरतात. विकत घेताना दुसरा आकडा पाहावा. पट्टा कुठेही ब्रेकच्या नळीला, प्लास्टिकच्या कडेला किंवा रंगाला टेकता कामा नये. लांब मोकळ्या पट्ट्याला अर्धा पीळ दिला की तो वाऱ्यात गुणगुणत नाही आणि झिजतही नाही. उरलेले टोक गुंडाळून बांधावे, नाहीतर तेच टोक रात्रभर दारावर फटके मारते.

रानवाट

सर्वांचे मनापासून आभार. कव्हरचा आणि टप पाडण्याचा विचार सोडून दिला आहे. पाना_पकड यांचा प्रतिसाद वाचून गाडीखाली वाकून पाहिले, तर कारखान्यात बसवलेल्या बांधणीच्या कड्या पुढच्या बाजूला नाहीतच; आधीच्या मालकाने वजन कमी करण्यासाठी काढल्या असाव्यात. त्यामुळे चाकांवरूनच बांधणार. दुसरी अडचण अशी की गाडी इतकी बुटकी आहे की पुढचा बंपर रॅम्पवर टेकतो आहे, आणि इंजिन बंद असल्याने विंचने (दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने) ओढूनच चढवावी लागेल.

पाना_पकड

रॅम्पच्या पायथ्याशी जाड फळ्या एकावर एक पायरीसारख्या ठेवून चढण लांबवा. ट्रेलर पिकअपला जोडलेलाच असू द्या आणि ट्रेलरच्या मागच्या कडेखाली दोन्ही बाजूंना टेकू द्या, म्हणजे गाडीचे वजन मागच्या टोकावर आले तरी पिकअपची मागची बाजू उचलली जाणार नाही. विंचचा दोर गाडीच्या ओढण्याच्या कडीला लावा. ती कडी ओढण्यासाठी असते आणि बांधणीची कडी बांधण्यासाठी, त्यांची अदलाबदल करू नये. चढवताना किल्ली अशा स्थितीत ठेवा की स्टिअरिंग लॉक होणार नाही, आणि एक माणूस पाचर घेऊन मागच्या चाकाबरोबर चालू द्या.

लांबचा_पल्ला

गाडी वर चढली की ती पुढे-मागे नेमकी कुठे उभी करायची, याकडे लक्ष द्या. भाड्याच्या ट्रेलरवर लोक गाडी सरळ शेवटपर्यंत पुढे नेतात किंवा मागेच सोडतात. पिकअपच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर अडकवायच्या अशा ट्रेलरच्या पुढच्या जोड-दांड्यावर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार यावा, असा उत्तर अमेरिकेत रूढ असलेला हिशेब आहे; युरोपातल्या ट्रेलरसाठी तो कमी असतो, म्हणून आपल्या ट्रेलरच्या आणि पिकअपच्या पाटीवरची मर्यादा आधी वाचा. गाडी सुमारे हजार किलो आणि ट्रेलर सातशे किलो धरला, तर या हिशेबाने दांड्यावर १७० ते २५५ किलो येतात. भार कमी पडला की ट्रेलर मागून डोलू लागतो, आणि वेग वाढेल तसे ते डोलणे वाढत जाते. तसे झालेच तर जोरात ब्रेक मारू नका, स्टिअरिंग सरळ धरा आणि ॲक्सिलरेटर सोडा. ट्रेलरला स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक असतील आणि त्यांचा खटका हाताशी असेल, तर फक्त तेच हळुवार लावा.

ज्यांची पॉर्शे ९११ कॅब्रिओलेसारखी मागे इंजिन असलेली गाडी आहे, त्यांना हीच मोजणी वेगळी करावी लागेल, कारण तिचे बहुतेक वजन मागच्या चाकांवर असते. एमएक्स-५ चे वजन पुढच्या आणि मागच्या चाकांवर जवळजवळ समान असल्यामुळे तुमचे काम सोपे आहे.

पहिला थांबा ३० किलोमीटरच्या आत घ्या. पट्टे ताणून बसतात आणि टायरही दबतात, म्हणून त्या थांब्यावर रॅचेट हमखास एक-दोन दाते पुढे जाते. त्याच वेळी ट्रेलरच्या प्रत्येक हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाजवळ, हात न्या. चारही सारखेच कोमट असतील तर निर्धास्त जा. एकाच हबजवळ हात धरवत नसेल, तर त्याच्या बेअरिंगमध्ये ग्रीस नाही किंवा ब्रेक अडकला आहे.

नवशिका

पिकअपच्या चाकांनी उडणाऱ्या खड्यांचे काय करावे? पुढे प्लायवूडची फळी उभी करावी का?

लांबचा_पल्ला

उभी फळी लावू नका. खडे तिच्यावर आपटून उलटे येतात आणि पिकअपची मागची काच फुटते. पिकअपला रुंद, रस्त्यापासून थोड्याच उंचीवर येणारे मडफ्लॅप बसवा, त्याने बरेच काम होते. बंपर, बॉनेटची पुढची कड आणि आरसे यांवर पारदर्शक संरक्षक फिल्म लावा. तात्पुरत्या चिकटपट्ट्या उन्हात भाजून रंगाला धरतात, म्हणून त्या लावल्याच तर मुक्कामी पोचल्या दिवशीच काढा. टपावर मात्र काहीही चिकटवू नका.

चाकोरी

ज्यांना बंद ट्रेलर मिळतो त्यांनी तोच घ्यावा. ऊन, पाऊस, खडे आणि लोकांच्या नजरा, या सगळ्यांपासून गाडी वाचते. फक्त वजन आणि बाजूचा वारा वाढतो, आणि मागच्या दाराच्या फटीतून धूळ आत ओढली जाते, म्हणून दाराचे रबर तपासावे.

बंद ट्रेलरमध्ये एक अडचण येते, ती गाडी आत नेल्यावरच लक्षात येते : गाडीचे दार चाकाच्या कमानीवर अडते आणि बाहेर पडता येत नाही. आमच्या गाडीचा टप हाताने चढवण्याचा होता, म्हणून मी टप पाडूनच गाडी आत नेली, आसनावर उभा राहून दारावरून बाहेर आलो आणि मग मागच्या बाजूने टप ओढून वर घेतला. पुढच्या कड्या लावायला पुन्हा काचेतून अर्धे आत वाकावे लागले. विजेवर चालणारा टप असेल तर ही सोय नसते, त्यांनी विंचच वापरावा.

जलवाट

पावसाचा उल्लेख अजून कोणी केला नाही. कापडी टपाच्या कडेने उतरणारे पाणी दारामागच्या छोट्या नळ्यांमधून गाडीखाली जाते. त्या नळ्या पानांच्या चुऱ्याने तुंबल्या की पाणी आतल्या बाजूला उतरते. माझ्या आधीच्या गाडीत आसनाखाली विजेचा नियंत्रक होता, तो असाच भिजून बंद पडला आणि गाडी सुरूच होईना. निघण्यापूर्वी प्रत्येक नळीत पेलाभर पाणी सावकाश ओता आणि ते गाडीखाली पडते आहे का ते वाकून पाहा. नळी तुंबलेली असेल तर मऊ नायलॉनच्या दोरीने मोकळी करा. तारेने ढोसल्यास नळी निसटते.

रानवाट

काल मुक्कामी पोचलो, म्हणून सविस्तर कळवतो. टप वर, काचा बंद, तोंड पुढे, कव्हर नाही, आणि वेग बहुतेक वेळ ताशी ८० च्या आसपास. उजवीकडच्या नळीत पाणी ओतले तेव्हा ते तसेच वर उभे राहिले होते. दोरीने ओढल्यावर काळ्या चिखलाचा बोटभर लांब गोळा बाहेर आला. दुसऱ्या दिवशी चार तास मुसळधार पाऊस लागला, आणि त्या रात्री गालिच्यावर तळहात दाबून पाहिला तर तो कोरडा होता. जलवाट, हे केवळ तुमच्यामुळे झाले.

पहिला थांबा पंचवीस किलोमीटरवर घेतला. डाव्या मागच्या पट्ट्याचे रॅचेट दोन दाते पुढे गेले, बाकीचे जागेवर होते. शिवणी मी दर मुक्कामाला विजेरीच्या उजेडात तपासत होतो, एकही टाका हललेला नाही. मागची खिडकी धुळीने भरली होती. ती कोरड्या कापडाने पुसण्याचा मोह आवरला आणि आधी भरपूर पाणी सोडून धूळ वाहू दिली. बंपरवर फिल्म संपते त्या कडेला एक खडा लागला आहे, तेवढेच. गाडी अजून ट्रेलरवरच आहे, उद्या सकाळी उतरवणार आहे.

लांबचा_पल्ला

फार आनंद झाला. उतरवताना घाई करू नका. ट्रेलर पिकअपपासून सोडण्याआधीच गाडी उतरवा, मागचे टेकू पुन्हा लावा, हँडब्रेक ओढा आणि विंचचा दोर ताणून झाल्यावरच पट्टे सोडा. मग हँडब्रेक सोडून दोर सावकाश सैल करत गाडी मागे येऊ द्या. पावसात भिजल्यामुळे ब्रेकच्या चकत्यांवर गंज धरून चाक अडकले असेल, तर गाडी मागे सरकायला कुरकुरेल आणि मग एकदम सुटेल, म्हणून तिच्या मागे कोणालाही उभे राहू देऊ नका.

शिवणकर

आणि टप पूर्ण वाळेपर्यंत खाली पाडू नका.